‘प्राणिमुक्त’ माल: शिक्का पाहावा की मूळ?

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलो. गिऱ्हाईक ताग्यावरचा शिक्का पाहते. व्यापाऱ्याने मात्र सूत कुठून आले, सायझिंग कुठे झाले, रंग कोणी चढवला हे पाहायचे असते. ताण्याला खळ चढवताना त्यात जनावराची चरबी घालण्याची पद्धत गिरण्यांत फार जुनी. धुलाईत खळ जाते, तशी चरबीही जाते. तयार कापड शुद्ध सुती म्हणून विकले तर ते खोटे नाही. पण ‘या कापडाला जनावराचा पदार्थ कधी लागलाच नाही’ असे कोणी म्हणाले, तर ते खोटे आहे.

हे आज लिहिण्याचे कारण आमचा पुतण्या. तो पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तिथे स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी वाढवतात. ईदला घरी आला तेव्हा म्हणाला, “चाचा, बाटलीवर ‘प्राणिमुक्त’ लिहिलेले असते म्हणून आम्ही जास्त पैसे देतो. पण ते खरे की खोटे, कसे ओळखायचे?” आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, विज्ञान बेताचेच. पण हा सवाल आमच्या रोजच्या ओळखीचा निघाला. म्हणून त्याच्याकडून सगळे समजून घेतले. वाचक बंधूंनाही ते माहीत असावे.

पेशीला वाढायला नुसते अन्न पुरत नाही, हुकूमही लागतो. हा हुकूम देणारी प्रथिने म्हणजे ग्रोथ फॅक्टर. पूर्वी ती मिळवायला गाभण गाईच्या कत्तलीनंतर पोटातल्या वासराच्या रक्तातून काढलेला द्रव वापरत. त्यात नेमके काय आणि किती, हे कोणालाच ठाऊक नसे. प्रत्येक खेप वेगळी. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या भ्रूणातील मूळ पेशी प्रथम वाढवल्या, त्याही उंदराच्या पेशींच्या थरावर आणि असाच द्रव घालून. २००५ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी दाखवले की अशा पेशी जनावराच्या मालातील एक विशिष्ट साखर आपल्यात ओढून घेतात, आणि माणसाच्या रक्तात त्या साखरेविरुद्ध प्रतिपिंडे असतात. म्हणजे रोग्याचे शरीर अशी पेशी परकी समजू शकते. तेव्हा प्राणिमुक्त माल ही केवळ भावनेची बाब नाही, रोग्याच्या जिवाचीही आहे.

पुढे मार्ग निघाला. माणसाच्या ग्रोथ फॅक्टरचा जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालायचा, टाकीत ते वाढवायचे आणि त्यातून प्रथिन वेगळे काढायचे. २०११ मध्ये थॉमसन यांच्याच प्रयोगशाळेने अवघ्या आठ घटकांचे माध्यम तयार केले. त्यात जनावराच्या रक्ताची गरज उरली नाही.

इथपर्यंत सर्व ठीक. आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. जिवाणूला टाकीत जे खाद्य देतात, त्यातला पेप्टोन पुष्कळदा दुधाच्या केसीनपासून किंवा मांसापासून बनलेला असतो. मूळ पेशींना सर्वांत जास्त लागणारा ग्रोथ फॅक्टर एफजीएफ-२. तो शुद्ध करताना अनेक ठिकाणी हेपरिन लावलेल्या नळीतून गाळतात, आणि हेपरिन मुख्यतः डुकराच्या आतड्यातून निघते. शेवटी बाटली भरताना प्रथिन टिकावे म्हणून त्यात गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन घालण्याचीही पद्धत आहे, आणि त्याचे वजन मूळ मालाच्या कित्येक पट असते. ग्रोथ फॅक्टर जिवाणूत बनला हे खरे. पण त्याला काय काय लागले, ते शिक्का सांगत नाही. आमच्या चरबीच्या खळीचाच हा प्रकार!

म्हणून या धंद्यातले जाणकार तीन पातळ्या मानतात. पहिली, खुद्द माल प्राण्यापासून नाही. दुसरी, तो बनवताना वापरलेला कच्चा मालही प्राण्यापासून नाही. तिसरी, त्या कच्च्या मालाचा कच्चा मालही नाही. तिन्हींना बाजारात एकच शब्द चालतो, आणि सारी गफलत इथेच होते. आमचे स्पष्ट मत आहे की पातळी लिहिल्याशिवाय ‘प्राणिमुक्त’ हा शब्द विकूच देऊ नये.

हे अशक्य नाही. पेप्टोन सोयाबीनपासून बनतो. हेपरिनऐवजी दुसऱ्या प्रकारच्या नळ्या आहेत. आइसलँडमध्ये ओआरएफ जेनेटिक्स ही कंपनी हरितगृहात जवाच्या दाण्यात ग्रोथ फॅक्टर पिकवते. जिवाणूचे विष मालात उरले का, हे तपासायला नालखेकड्याचे रक्त वापरत आले आहेत. त्यालाही प्रयोगशाळेत बनलेला पर्याय सिंगापूरच्या विद्यापीठात शोधला गेला आणि २०२१ पासून युरोपच्या औषधसंहितेत त्याला जागा मिळाली.

आपल्या समाजाचा संबंध कुठे येतो? हेच ग्रोथ फॅक्टर प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसालाही लागतात. सिंगापूरने असे मांस विकायला २०२० मध्ये परवानगी दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या इस्लामी मजलिसच्या फतवा समितीने ते अटींवर हलाल ठरवले: पेशी हलाल जनावराची हवी आणि बनवताना नापाक वस्तू मिसळलेली नको. जायज-नाजायज सांगणे उलेमांचे काम आहे, आमचे नव्हे. वस्तूचे रूप पालटले की तिचा हुकूम पालटतो का, या इस्तिहालाच्या प्रश्नावर त्यांच्यातही मतभेद आहेत. पण त्यांच्यापुढे खरी हकीकत ठेवणे व्यापाऱ्याचे काम आहे. हलालचा दाखला देणाऱ्यांनी टाकीत काय घातले एवढेच विचारू नये, माल कोणत्या नळीतून गाळला हेही विचारावे. हा सवाल जैन आणि शाकाहारी गिऱ्हाईकाचाही आहे.

कोणी म्हणेल, हे मोठ्या कंपन्यांचे काम, आपण सुताचे माणूस. इन्सुलिनचे उदाहरण घ्या. ते पूर्वी गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढत. जिवाणूत बनवलेले मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, आणि २००३ मध्ये हबील खोराकीवाला यांच्या वॉकहार्टने मानवी इन्सुलिन भारतात बनवून बाजारात आणले. मूळ पेशींच्या त्या आठ घटकांत इन्सुलिनही आहेच. आपल्यातला प्रत्येक जण असा कारखाना काढणार नाही. पण सोयाबीन विदर्भ-मराठवाड्यात पिकते. त्याचा पेप्टोन, स्वच्छ भराई, बर्फातली वाहतूक आणि मालाच्या मुळापर्यंतची कागदपत्रे ही मधली कामे लहान व्यापाऱ्याच्या आवाक्यातली आहेत. आपली मुले-मुली मायक्रोबायोलॉजी शिकून घरी बसली आहेत, त्यांना हा रस्ता दाखवायला हवा.

एकदा एका पेढीने आम्हाला शुद्ध सुती म्हणून मिलावटीचे सूत दिले होते. आम्ही विश्वासाने पुढे विकले. गिऱ्हाईकाने त्या पेढीला नव्हे, आम्हाला बेइमान म्हटले. साखळीत शेवटी उभा असतो त्याचीच आबरू जाते. सुताचा तागा निदान परत घेता येतो. रोग्याच्या शरीरात गेलेली पेशी आणि पोटात गेलेला घास परत घेता येत नाही. म्हणून हा नवा माल आपल्या दुकानापर्यंत येण्याआधीच त्याचे मूळ विचारण्याची सवय लावून घेऊ या.