बेटं तीनच, मजा फुल्ल!

आमच्या आखाडा बाळापूरकरांना पाणी म्हणजे इसापूरचं धरण. समुद्र नवाच! म्हणून ग्रीसचा बेत ठरला की सगळीच बेटं बघाविशी वाटतात. पण बॉस, वस्तीचीच बेटं ढिगानं आहेत. आठ दिवसांत तीन पुरेत: पिरेअस बंदरातून पारोस, शेजारचं नाक्सोस, शेवटी सांतोरिनी. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र उत्तरेचा ‘मेल्तेमी’ वारा सुटतो. आपल्याकडे नाल्याला पूर आला की एसटी बंद, तिकडे वारा वाढला की बोट बंद! त्यामुळे परतीच्या विमानाआधीची रात्र अथेन्समध्येच काढा. शक्यतो सप्टेंबरात जा. वारा मंदावतो, पाणी कोमट असतं. आणि मोजून मिळालेली रजाही बंदरावर वाट बघण्यात जात नाही.