यंत्र आले, नकाशा राहिला

सुमारे सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. झारखंडमधील एका जिल्ह्यात कौटुंबिक पाहणीच्या क्षेत्रकामावर देखरेख करण्यासाठी मी गेलो होतो. अशा पाहणीसाठी गावे निवडली जातात ती जनगणनेच्या ग्रामसूचीतून, यादृच्छिक पद्धतीने. म्हणजे कोणते गाव सोयीचे आहे हे ठरविण्याचा अधिकार ना अधिकाऱ्याला असतो, ना अन्वेषकाला. नमुना पाहणीचे सारे शास्त्र या एका शिस्तीवर उभे आहे. त्या खेपेस आमच्या भाड्याच्या गाडीत पुढच्या काचेला चिकटविलेले जीपीएस यंत्र होते आणि आम्हा सर्वांनाच त्याचे मोठे अप्रूप होते. चालकाने राज्य निवडले, गावाचे नाव टंकले, पडद्यावर एकच नाव आले, त्याने ते दाबले आणि आम्ही निघालो.

दीड तासाने आपण इच्छित स्थळी पोहोचलो असल्याचे यंत्राने जाहीर केले. गाव चांगले होते. डांबरी रस्ता, विजेचे खांब, शाळेची पक्की इमारत. अन्वेषकांनी घरयादी करण्यास सुरुवात केली. अकरा घरे झाल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी कुतूहलाने आमच्या हातातला कागद पाहिला, त्यावरचे पंचायतीचे नाव वाचले आणि ते म्हणाले, "साहब, यह तो नदी पार वाला है. इस नाम के यहाँ तीन गाँव हैं." आमचे गाव तिथून चाळीस किलोमीटरवर होते. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो तेव्हा शेवटचे तीन किलोमीटर पायी चालावे लागले. विजेचे खांब नव्हते. शाळा होती, ती झाडाखाली भरत होती.

ती अकरा घरांची यादी मी रद्द केली. परंतु ते गृहस्थ त्या दिवशी शेतावर गेले असते तर काय झाले असते, हा विचार मला पुढे अनेक वर्षे छळत राहिला. जे गाव यंत्रातल्या नकाशात नव्हते ते आमच्या आकडेवारीतूनही गळाले असते आणि त्याच्या जागी त्याच नावाचे, बऱ्या स्थितीतले गाव बसले असते. ही चूक साधी नव्हे. एका बाजूच्या चुका दुसऱ्या बाजूच्या चुकांनी भरून निघतात, असे आपण संख्याशास्त्रात म्हणतो, पण ते चुका दोन्हीकडे सारख्या होत असतील तरच. रस्ता असलेले गाव नकाशात आधी येते, रस्ता नसलेले शेवटी येते किंवा येतच नाही. त्यामुळे नकाशाची चूक नेहमी एकाच दिशेला झुकते. ती गरिबाला वगळते.

म्हणून माझे म्हणणे असे की, जीपीएस यंत्रात कोणता नकाशा भरावा हा प्रश्न संगणक विभागाकडे सोपवून मोकळे होण्याचा नाही. तो प्रशासकीय निर्णय आहे आणि त्याची जबाबदारी अधिकाऱ्यानेच घेतली पाहिजे.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्यावी. उपग्रह आपल्याला फक्त अक्षांश आणि रेखांश देतात. अमेरिकेने मे २००० मध्ये नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेतील घट काढून टाकली आणि तेव्हापासून साध्या यंत्रालाही काही मीटरपर्यंतची अचूकता मिळू लागली. पुढे आपली ‘नाविक’ प्रणालीही आली. तथापि ‘आपण कुठे आहोत’ याचे उत्तर कितीही अचूक मिळाले, तरी ‘इथे काय आहे’ आणि ‘तिथे कसे जावे’ या दोन प्रश्नांची उत्तरे आकाशातून येत नाहीत. ती नकाशातून येतात, आणि नकाशा माणसे तयार करतात.

माझ्या सेवेत अशा यंत्रांच्या खरेदीच्या बऱ्याच नस्त्या माझ्या टेबलावरून गेल्या. निविदेत पडद्याचा आकार असे, बॅटरीचे तास असत, पाण्यापासून संरक्षणाची अट असे, हमीची वर्षे असत. शेवटी एक ओळ असे: ‘नकाशांसह’. कोणाचा नकाशा, कोणत्या वर्षाचा, कोणत्या भागाचा, तो अद्ययावत कोण करणार, याबद्दल एक शब्दही नसे. याचे कारण आपल्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. यंत्र ही मालमत्ता. ती एकदा घेतली, साठा नोंदवहीत चढली की काम संपले. नकाशाचे अद्ययावतीकरण हा मात्र दरवर्षीचा आवर्ती खर्च, आणि काटकसरीचे परिपत्रक निघाले की पहिली कात्री आवर्ती खर्चालाच लागते. परिणामी यंत्र पाच वर्षे उत्तम चालते आणि त्यातला नकाशा दुसऱ्या पावसाळ्यातच जुना होतो.

दुसरे कारण आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, वस्तूचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला कळत नाही, तेव्हा चांगला माल बाजारातून मागे हटतो. नकाशाचे नेमके हेच होते. निविदा उघडताना पडदा मोजता येतो, नकाशाचा खरेपणा मोजता येत नाही. मग सर्वांत कमी दर देणारा निवडला जातो आणि ज्याने गावोगाव माणसे पाठवून नकाशा केला तो महाग ठरतो.

नकाशा निवडताना आधी काम कोणते ते ठरवावे. गाडीतल्या यंत्राला असा नकाशा हवा, ज्यात रस्ते एकमेकांना खरोखर जोडलेले आहेत. एकेरी मार्ग, वळणबंदी आणि पुलाखालून जाणारा रस्ता पुलावरच्या रस्त्याला मिळत नाही, एवढे त्याला कळले पाहिजे. हातातल्या यंत्राला, विशेषतः वन, जलसंधारण, आपत्ती निवारण अशा कामांत, समोच्च रेषा, नाले, पायवाटा आणि विहिरी हव्यात. तिसरा प्रकार कागदी नकाशाच्या स्कॅन केलेल्या प्रतीचा. ती दिसायला सुंदर असते, पण तिच्यात गावाचे नाव शोधता येत नाही की मार्ग काढता येत नाही. एका कामाचा नकाशा दुसऱ्या कामाला लावला की यंत्राच्या नावाने बोटे मोडण्याची वेळ येते.

नकाशा भरणे ही क्रिया स्वतः मुळीच अवघड नाही. गार्मिनसारखे हातातले यंत्र संगणकाला जोडले की ते पेनड्राइव्हसारखे दिसते. त्यातल्या ठरावीक फोल्डरमध्ये किंवा मेमरी कार्डावर नकाशाची फाईल ठेवायची, एवढेच. जुन्या यंत्रांना त्या फाईलचे एकच ठरलेले नाव चालत असे, त्यामुळे दुसरा नकाशा भरताना पहिला पुसला जाई. नव्या यंत्रांत अनेक नकाशे राहतात आणि हवा तो चालू, नको तो बंद करता येतो. दोन नकाशे एकाच वेळी चालू राहिले तर वरचा खालच्याला झाकतो आणि नकाशा भरलाच गेला नाही अशी समजूत होते. ‘यंत्र नादुरुस्त’ असा शेरा मारून कपाटात ठेवलेली काही यंत्रे मी केवळ एवढ्या एका दुरुस्तीने चालू झालेली पाहिली आहेत.

खरी जोखीम दोन ठिकाणी आहे. पहिली संदर्भाधाराची, ज्याला डेटम म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या १८३० सालच्या गोलाभावर आधारलेले होते, जीपीएस मात्र ‘डब्ल्यूजीएस ८४’ हा संदर्भ वापरते. एकातले अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर तसेच उतरविले तर आपल्या देशात बहुतेक ठिकाणी शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. नदीच्या अलीकडची वस्ती पलीकडे जाण्यास एवढे अंतर पुष्कळ झाले. दुसरी जोखीम आकडे लिहिण्याच्या रीतीची. ‘२४ अंश ३५.३० मिनिटे’ हे एखाद्या लिपिकाने ‘२४ अंश ३५ मिनिटे ३० सेकंद’ असे उतरविले तर बारा सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे ३७० मीटरचा फरक होतो. एका पावसाळ्यात दूरध्वनीवरून दिलेल्या अशाच एका आकड्याने आमच्या पथकाला रात्री दोन तास चिखलात फिरविले. दोष कोणाचाच नव्हता. कोणती रीत वापरायची हे आम्ही कधी लिहूनच ठेवले नव्हते.

‘सरकारी नकाशे मिळतच नाहीत’ ही तक्रार एके काळी खरी होती. सीमेलगतच्या आणि किनारपट्टीच्या भागांची नकाशापत्रे निर्बंधित असत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि विकासकामांसाठी एक, अशा दोन मालिका केल्या. विकासकामांच्या खुल्या मालिकेला ‘डब्ल्यूजीएस ८४’ चाच आधार दिला गेला. २०१७ मध्ये ही खुली नकाशापत्रे नागरिकांना आंतरजालावरून विनामूल्य मिळू लागली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी काढून टाकली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण अधिसूचित झाले. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतील ग्रामीण रस्ते आणि वस्त्यांची भूस्थानिक माहितीही फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. आता सबब सांगण्यास जागा उरलेली नाही.

याखेरीज २००४ साली सुरू झालेला ‘ओपन स्ट्रीट मॅप’ हा स्वयंसेवकांचा नकाशा आहे. तो विनामूल्य आहे, हातातल्या यंत्रांसाठी तयार रूपात मिळतो आणि कोणालाही दुरुस्त करता येतो. गंमत अशी की, त्याची आणि सर्वेक्षण विभागाच्या ‘ओपन सीरीज मॅप’ची आद्याक्षरे एकच. माझ्या एका टिपणीत मी केवळ ‘ओएसएम’ असे लिहिले आणि ‘शासकीय नकाशा स्वयंसेवक कसे दुरुस्त करतात’ हा वित्त विभागाचा आक्षेप निवारण्यात पंधरा दिवस गेले. विनोद बाजूला ठेवला तरी परदेशांतून आलेल्या नकाशांबाबत एक सावधगिरी अवश्य बाळगावी. त्यांत देशाच्या सीमा अनेकदा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसतात, आणि सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत असा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाखाली गुन्हा आहे. यंत्रातला नकाशा कार्यालयीन अहवालात छापण्यापूर्वी हे आठवावे.

आता काय करावे? माझ्या सूचना साध्या आहेत. पहिली, निविदेत नकाशाची स्वतंत्र बाब असावी आणि तीत नकाशाचे वर्ष, क्षेत्र, भाषा व किमान तीन वर्षांचे अद्ययावतीकरण लिहिलेले असावे. दुसरी, नकाशा स्वीकारण्यापूर्वी जिल्ह्यातील दहा ओळखीच्या जागा त्यात शोधून पाहाव्यात, आणि त्या दहांपैकी निदान सहा डांबरी रस्त्यापासून दूर असाव्यात. तिसरी, प्रत्येक यंत्राच्या पाठीवर संदर्भाधार आणि अक्षांश-रेखांश लिहिण्याची रीत चिकटवावी. चौथी, गाव नावाने शोधू नये. जनगणनेने आणि पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेने गावांना सांकेतिक क्रमांक दिले आहेत, त्यांच्या जोडीने अक्षांश-रेखांश यंत्रात आधी भरून मगच पथक पाठवावे. आपल्याकडचे बुद्रुक-खुर्द काय आणि हिंदी प्रदेशातले कलां-खुर्द काय, नावे सारखी असू शकतात, क्रमांक नाही.

पाचवी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. क्षेत्रावर गेलेल्या माणसाला नकाशातली जी चूक दिसते ती परत नकाशात जाण्याची वाट असावी. अन्वेषक, वनरक्षक, ग्रामसेवक, रुग्णवाहिकेचे चालक यांना रोज अशा चुका दिसतात. ते त्या एकमेकांना सांगतात आणि विषय तिथेच संपतो. नकाशा वापरल्याने झिजत नाही, उलट वापरणाऱ्याने दुरुस्त केला तर सुधारत जातो. अशी सार्वजनिक संपत्ती दुर्मिळ असते आणि तिच्यावर केलेला थोडासा आवर्ती खर्चही वाया जात नाही.

आज क्षेत्रकामात टॅब्लेट आणि मोबाईल आले आहेत, काचेला चिकटविलेले ते यंत्र मागे पडले आहे. पण जिथे मोबाईलला जाळे नाही तिथे आजही आधी भरून नेलेला नकाशाच कामाला येतो, आणि आपली सर्वांत गरजू गावे बहुधा तिथेच आहेत. झारखंडमधल्या त्या गावात आम्ही घरयादी पूर्ण केली तेव्हा अन्वेषकाने अंगणवाडीसमोर उभे राहून अक्षांश-रेखांश टिपून घेतले. तो आकडा आमच्या अहवालाच्या एका रकान्यात गेला आणि तिथेच राहिला. त्या जिल्ह्याचा नकाशा ज्यांच्याकडे होता त्यांच्यापर्यंत तो पोहोचविण्याचे काम कोणाच्याच कार्यकक्षेत नव्हते. ते माझ्या कार्यकक्षेत मी स्वतःच का घेतले नाही, याचे समाधानकारक उत्तर आजही माझ्याकडे नाही.