३० मॅचमध्ये १ गोल, पुढच्या ३७ मॅचमध्ये २२ गोल: पाच फूट आठ इंचांच्या कोल कॉफिल्डचं नेमकं काय बदललं?

फेब्रुवारी २०२२. आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग म्हणजे एनएचएल आणि त्यात सगळ्यात खाली पडलेली टीम म्हणजे मॉन्ट्रियल कॅनेडियन्स. या टीममध्ये एक २१ वर्षांचा पोरगा होता, कोल कॉफिल्ड. त्या सीझनमधल्या ३० मॅचमध्ये त्याचा गोल होता फक्त एक. मधल्या काळात त्याला खालच्या लीगमध्येही पाठवून झालं होतं.

मग टीमने कोच बदलला. त्याच सीझनच्या उरलेल्या ३७ मॅचमध्ये कॉफिल्डने २२ गोल मारले.

पोरगा तोच, उंची तीच. मग बदललं काय?

आधी कॉफिल्ड कोण ते बघू

२०१९ च्या १८ वर्षांखालील वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये अमेरिकेच्या या फॉरवर्डने ७ मॅचमध्ये १४ गोल मारले आणि थेट अलेक्झांडर ओवेच्किनच्या विक्रमाशी बरोबरी केली. तरीही त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नव्या खेळाडूंची निवड करतात तिथे, त्याचं नाव आलं १५ व्या नंबरवर. त्याच्या उंचीची चर्चा ड्राफ्टच्या आधीपासूनच होती.

पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून ३१ मॅचमध्ये ३० गोल मारत त्याने २०२१ चा होबी बेकर पुरस्कार जिंकला. अमेरिकेत कॉलेज हॉकीच्या सर्वोत्तम खेळाडूला हा पुरस्कार मिळतो.

उंचीचा एवढा बाऊ का?

कारण या खेळात समोरच्याला अंगाने धडक देणं नियमात बसतं. एनएचएलमधले बहुतेक खेळाडू सहा फुटांच्या वर असतात. कडेच्या फळ्यांपाशी पक, म्हणजे रबराची चकती अडकली की तिथे वजन कामाला येतं.

२००५ मध्ये यात मोठा फरक पडला. स्टिकने अडकवणं आणि धरून ठेवणं यावर रेफरी कडक झाले, लांब पासवरचं एक बंधनही गेलं. चपळ खेळाडूला पळायला मोकळी जागा मिळू लागली. पाच फूट नऊ इंचांचा जॉनी गॉड्रो २०११ च्या ड्राफ्टमध्ये १०४ वा होता, तरी तो लीगचा स्टार झाला. पण नियम बदलले म्हणून निवडणाऱ्यांची नजर लगेच बदलली असं झालं नाही.

मग आले मार्टिन सेंट लुई

नवे कोच स्वतः पाच फूट आठ इंचांचे. त्यांना तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. कॅल्गरीने सोडल्यावर २००० साली ते टँपा बेच्या टीममध्ये गेले आणि २००४ मध्ये स्टॅन्ली कप आणि मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयरची हार्ट ट्रॉफी, दोन्ही जिंकून बसले. मॉन्ट्रियलच्या आधी ते एनएचएलमध्ये कधी हेड कोच नव्हते, लहान मुलांच्या टीमना शिकवायचे.

त्यांनी कॉफिल्डला बर्फावर जास्त वेळ दिला आणि निक सुझुकीसारख्या चांगल्या पासरसोबत खेळवलं. छोट्या खेळाडूने धडक घ्यायची नसते, धडक येण्याआधी तिथून निघून जायचं असतं. मोकळी जागा कुठे तयार होणार हे आधी ओळखायचं असतं. सेंट लुई यांनी अख्खं करिअर याच जोरावर काढलं होतं.

पण हा नशिबाचा खेळ नसेल कशावरून?

प्रश्न बरोबर आहे. ३० मॅचमध्ये एकच गोल ही काही त्याची खरी लायकी नव्हती, त्यामुळे आकडा थोडा तरी वर येणारच होता. म्हणून पुढची वर्षं बघावी लागतात.

२०२२-२३ मध्ये त्याने ४६ मॅचमध्ये २६ गोल मारले, पण असिस्ट फक्त १०. खांद्याच्या ऑपरेशनमुळे तो सीझन तिथेच संपला. तरीही क्लबने ८ वर्षांसाठी ६ कोटी २८ लाख डॉलरचा करार केला. परतल्यावर २०२३-२४ मध्ये ८२ मॅचमध्ये २८ गोल, म्हणजे मॅचमागे गोल कमी झाले, पण असिस्ट ३७ वर गेले. २०२४-२५ मध्ये ३७ गोल आणि ३३ असिस्ट.

खरी प्रगती या असिस्टच्या आकड्यात दिसते. फक्त गोल मारणारा पोरगा आता दुसऱ्यालाही गोल करून देतो.

थोडक्यात काय?

उंचीचा तोटा संपलेला नाही. धडका आजही बसतात आणि खांदे आजही निखळतात. पण कॉफिल्डची ती ३० मॅचची पडझड उंचीच्या खात्यावर टाकून मोकळं होणं सोपं होतं. कोच बदलला नसता तर कदाचित तसंच झालं असतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये गॉड्रोचा सायकल चालवताना गाडीच्या धडकेत मृत्यू झाला. तो फक्त ३१ वर्षांचा होता. त्यानंतर कॉफिल्डने आपला २२ नंबर सोडला आणि गॉड्रोचा १३ नंबर घेतला. लहान चणीच्या पोरांसाठी ज्याने वाट सोपी केली, त्याची आठवण आता प्रत्येक मॅचला त्याच्या पाठीवर असते.