उपकार नव्हे, साधन

आमच्या न्हावा-शेवा बंदरांत अवजड कंटेनर यारीनें उचलले जातात. पाठीवर ओझें वाहत नाहीं म्हणून तेथील कामगारास कोणी दुबळा म्हणत नाहीं. मग संगणकाकडून पुस्तक वाचून घेणाऱ्या अंध विद्यार्थ्याची कींव कां करावी?

मुंबईस १९०० सालीं ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनीं अंध मुलांची शाळा काढली. पुढें २००३ सालीं तेथील सेंट झेवियर्स कॉलेजांत दृष्टिहीनांसाठीं खास केंद्र निघालें. बोलणारा संगणक तेथें विद्यार्थ्यांच्या हातीं आला. २०१६ च्या कायद्यानें सरकारी व अनुदानित कॉलेजांत निदान शेंकडा ५ जागा अपंगांसाठीं राखून ठेविल्या.

परंतु जागा मिळाली म्हणजे विद्या मिळाली असें नव्हे. हातानें लिहिलेल्या टिपणांचें नुसतें छायाचित्र पाठविलें, तर बोलणारा संगणक बहुधा मुका होतो. तींच टिपणें युनिकोड अक्षरांत टंकून दिलीं, तर तो घडाघडा वाचतो. ही उणीव विद्यार्थ्याची कीं टिपणें देणाऱ्याची? आम्हां शिक्षकांनींच हा दोष प्रथम पत्करला पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, उद्यां कॉलेजांत तुमच्या शेजारीं असा सोबती बसेल. त्याचा हात धरण्यापूर्वीं त्यास विचारा, आणि आपलीं टिपणें टंकून द्या. पालकांनींही अपंग मुलास मायेपोटीं घरीं बसवूं नये. अभ्यासाचें ओझें त्यानेंच उचलावयाचें आहे. यारी तेवढी आपण जागेवर ठेवूं या.