उगवण तपासल्याशिवाय पेरू नये

लातूरकडच्या आमच्या शेतात सोयाबीन पेरण्याआधी आई घरच्या बियाण्यातले 100 दाणे मोजायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. आठवड्याने गोणपाट उलगडून कोंब मोजायची. 70 उगवले तर बी पेरणीला, नाहीतर दुसऱ्या बियाण्याची सोय. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांसाठी आम्ही एका दवाखान्यात गेलो. "आजी, वाटी झिजलीय. मूलपेशींचं इंजेक्शन देऊ. नवी गादी तयार होईल, ऑपरेशन टळेल," असं आम्हाला सांगितलं गेलं. रक्कम लाखांच्या घरातली होती. हे किती जणांवर तपासलं आणि किती जणांत उगवलं, हे विचारायचं मलाही त्या क्षणी सुचलं नाही. दवाखान्यातल्या त्या वाक्याचं खंडन करणं मला आवश्यक वाटतं. त्या वाक्यामुळे बदनाम होणाऱ्या खऱ्या संशोधनाचं मंडन करणंही तितकंच आवश्यक वाटतं.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे त्या गादीला, रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती झिजली की हाडासारखी भरून येत नाही. अस्थिमज्जेतल्या मूलपेशींपासून प्रयोगशाळेत कूर्चेच्या पेशी तयार करता येतात. मग त्याच मूलपेशी गुडघ्यात सोडल्या तर तिथेही कूर्चा तयार होईल. तर्क सुबक आहे. अडचण शेवटच्या पायरीवर आहे. प्रयोगशाळेत पेशींना नेमकी रसायनं आणि नेमकं वातावरण मिळतं. दाह आणि रोजचा भार सोसणाऱ्या म्हाताऱ्या गुडघ्यात ते मिळत नाही. 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव 1991 मध्ये रूढ करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनीच 2017 मध्ये लिहिलं की हे नाव आता बदला. या पेशी शरीरात गेल्यावर नवी ऊती बनवत नाहीत. त्या रसायनं स्रवतात, दाह शमवतात, आजूबाजूच्या पेशींना संदेश देतात, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे ज्याने नाव दिलं त्यानेच 'बियाणं' ही कल्पना सोडली. दवाखान्यातल्या भिंतीवरच्या चित्रात मात्र ती अजून तशीच आहे.

दुसरा मुद्दा, इंजेक्शनात नेमकं काय आहे? बऱ्याच ठिकाणी कंबरेच्या हाडातून मज्जा काढतात, ती यंत्रात फिरवून घट्ट करतात आणि त्याच दिवशी गुडघ्यात टोचतात. मज्जेतल्या लाख पेशींमागे अशा मूलपेशी जेमतेम 1 ते 10 असतात. रक्तातल्या प्लेटलेट्सचं पीआरपी इंजेक्शनही कधी कधी 'मूलपेशी उपचार' म्हणून खपवलं जातं. त्यात मूलपेशी नसतातच.

तिसरा युक्तिवाद अनुभवाचा आहे: "अमक्या काकूंना फरक पडला." काकू खोटं बोलत नाहीत. पण गुडघ्याचं दुखणं चढतं-उतरतं असतं. ते शिगेला पोहोचलं की माणूस इंजेक्शन घेतो आणि मग ते आपसूकही उतरतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. ऑस्ट्रेलियातल्या 288 रुग्णांवरच्या पीआरपी चाचणीचा निष्कर्ष 2021 मध्ये आला. वर्षभराने पीआरपी घेतलेल्यांचं दुखणं 10 पैकी सरासरी 2.1 गुणांनी कमी झालं; नुसतं मिठाचं पाणी घेतलेल्यांचं 1.8 गुणांनी. मिठाच्या पाण्याने गादी उगवत नाही, तरी माणसाला बरं वाटलं. म्हणूनच तुलनेसाठी दुसरा गट लागतो. आईचं गोणपाट हेच काम करत होतं: एका टपोऱ्या कोंबावर न भुलता शंभरांतले किती, हे मोजणं.

ही मोजणी मूलपेशींसाठीही झाली आहे. अमेरिकेतल्या 475 रुग्णांच्या चाचणीत तीन प्रकारच्या पेशी-उपचारांची तुलना साध्या स्टिरॉइड इंजेक्शनशी केली गेली. 2023 मध्ये आलेला निकाल असा, की वर्षभराने कोणताही पेशी-उपचार दुखण्यात स्टिरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. एमआरआयवरही कूर्चेत वेगळं काही दिसलं नाही.

चौथा दावा: "स्वतःच्याच पेशी, त्यामुळे धोका नाही." सांध्यात गेलेली कोणतीही सुई जंतुसंसर्ग नेऊ शकते. नाळेच्या रक्तापासून बनवलेली इंजेक्शनं घेतलेल्या 12 अमेरिकी रुग्णांना 2018 मध्ये जंतुसंसर्गाने रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. शिवाय मोडलेली ठेव आणि वाया गेलेली वर्षं हेही नुकसानच. ते कोणत्याही तपासणी अहवालात येत नाही.

मात्र "हे सगळंच थोतांड आहे" म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. भारतात निरोगी दात्यांच्या मज्जेपासून प्रयोगशाळेत वाढवलेलं 'स्टेम्प्युसेल' हे औषध 146 रुग्णांवर, प्लासिबोशी (औषध नसलेल्या इंजेक्शनशी) तुलना करून तपासलं गेलं. एका इंजेक्शनात अडीच कोटी पेशी होत्या आणि रुग्ण मध्यम झिजेचे होते. दुखणं आणि हालचाल यांत वर्षभर फरक टिकला. 2022 मध्ये औषध महानियंत्रकांनी त्याला परवानगी दिली. या चाचणीतही कूर्चेचं आकारमान लक्षणीय वाढलं नाही. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2025 मध्ये 25 चाचण्या आणि 1,341 रुग्ण एकत्र तपासले. दुखणं 10 पैकी सुमारे 1.2 गुणांनी कमी होत असावं, पण पुरावा कच्चा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. थोडा दिलासा मिळण्याची शक्यता खरी आहे; नवी गादी उगवल्याचा पुरावा नाही. ज्या संशोधकांनी हा हिशेब प्रामाणिकपणे मांडला, त्यांचं काम पुढे जायलाच हवं. कारण आजच्या इतर इंजेक्शनांचीही स्थिती भूषणावह नाही. दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टिरॉइड घेतलेल्यांची कूर्चा अधिक झिजली, हे 2017 मध्ये दिसलं आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप: "सत्तरीच्या माणसाने चाचण्या संपेपर्यंत किती थांबायचं? निवडीचा हक्क त्याचा आहे." हक्क आहेच. पण खोटं ऐकून केलेल्या निवडीला निवड कसं म्हणायचं? आपल्याकडे 2019 च्या नियमांनुसार मूलपेशींपासून बनवलेलं उत्पादन हे 'नवं औषध' आहे. परवानगी नसलेला उपचार केवळ मंजूर चाचणीतच द्यावा आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ज्याला थांबायचं नाही, त्याला चाचणीत सहभागी होण्याचा मार्ग खुला आहे. तिथे त्याच्या गुडघ्याची नोंद होते आणि पुढच्या हजारोंना तिचा उपयोग होतो. लाखो रुपये घेऊन टोचलेल्या इंजेक्शनातून समाज काहीच शिकत नाही.

शिवाय थांबणं म्हणजे हातावर हात धरून बसणं नव्हे. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम दुखणं कमी करतो. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. आणि झीज पराकोटीला गेली तर बदललेल्या पूर्ण गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षं टिकतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पेशी विकणाऱ्याने लेखी सांगावं: पेशी कोणत्या, किती, कुणाच्या, औषध महानियंत्रकांची परवानगी कोणती, चाचणी असेल तर राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक कोणता. परवानगी मिळालेल्या औषधांचेही सर्व रुग्णांमधले निकाल लोकांसमोर यावेत.

आई आता रोज सकाळी खुर्चीत बसून पाय सरळ करते, दहा मोजते, पाय खाली ठेवते. दुखणं गेलेलं नाही, पण देवळाची पायरी ती चढते. बियाण्याची पिशवी, टॅग आणि पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवायची, नाही उगवलं तर दाद मागता येते, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. रानात टाकायच्या पिशवीची जी पावती आपण मागतो, ती आईच्या गुडघ्यात सोडायच्या पेशींची मागायला लाजू नये.