पाठ वयानं मोडते की ओझ्यानं?

शेतकरी बंधूंनो, पिकावर रोग पडला की तुम्ही पान तोडून आमच्याकडे येता. स्वतःची कंबर धरली, की मात्र 'वय झालं, चालायचंच' म्हणून गप्प बसता. मला हे पटत नाही. सगळं दुखणं वयाचं नसतं.

16 लिटरचा फवारणी पंप भरला, की पाठीवर 20 किलोच्या आसपास ओझं बसतं. तो पन्नाशीनंतर अर्धाच भरा. फेऱ्या वाढतील, वाढू द्या. (औषधही त्या मापानं निम्मं घाला, नाहीतर पीक जळेल!) युरियाची गोणी 2018 मध्ये 50 ची 45 किलोची झाली, पण उचलायची रीत तीच, कमरेत वाकून हिसका. गुडघे वाकवा, गोणी छातीशी धरा, दोघं मिळून उचला.

घरच्या बाया दिवसभर ओणव्यानं खुरपतात, त्यांचा हिशेब कोण ठेवतो? सायकल कोळपं उभ्यानं चालतं. ते फिरेल एवढं अंतर पेरतानाच ठेवा. चूक आमचीही आहे. प्रात्यक्षिकात आम्ही एकरी उतारा सांगतो, कमरेचं नावही काढत नाही.

जुनं दुखणं असेल तर खाटेला खिळू नका, झेपेल तेवढं हिंडतं राहा. दुकानातल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाऊ नका, मूत्रपिंडाला धोका असतो. पायातलं बळ गेलं, लघवी तुंबली किंवा आवरेनाशी झाली, तर मालिशवाल्याकडे न जाता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि सरपंच, ग्रामसेवक मंडळी, खतांच्या गोण्या उतरवायला गावात कमरेएवढा ओटा बांधायचा खर्च किती, तेवढं येत्या ग्रामसभेत काढा.