पदवी मिळाली, पुढील वाट कोण दाखविणार?



घरातील मुलगा वा मुलगी बी. कॉम. झाली म्हणजे आपल्याकडे आनंदीआनंद होतो. परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रतिमेस हार घातला जातो, वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु सत्काराच्या दुसऱ्या दिवशी त्या पदवीधराने कोणते दार ठोठवावे, हे सांगणारे माणूस त्या घरात नसते आणि बहुधा त्या वस्तीतही नसते. ह्या उणिवेविषयी, आणि ती भरून काढण्याच्या तुमच्या-माझ्या कर्तव्याविषयी, मला आज लिहावयाचे आहे.

मी व्यवसायाने वकील आहे. वकिलाकडे कागद येतो तो सही झाल्यानंतर. एका तरुणाने नोकरी मिळते म्हणून आपली मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या स्वाधीन केली, आणि मुदतीपूर्वी काम सोडल्यास मोठी रक्कम भरीन असे लिहून दिले. दुसऱ्याने मित्राच्या धंद्यात भागीदार म्हणून सही केली. भागीदारी संस्थेच्या देण्यास प्रत्येक भागीदार जबाबदार असतो, हे त्यास बँकेची नोटीस आल्यावर उमगले. दोघेही वाणिज्य शाखेचे पदवीधर होते. १९३२ च्या भागीदारी अधिनियमाचे कलम २५ त्या दुसऱ्या तरुणाने परीक्षेत लिहून गुणही मिळविले होते! ज्ञान पुस्तकात होते. परंतु ‘थांब, हे कलम पुन्हा वाच’ असे म्हणणारे कोणी सहीच्या वेळी शेजारी नव्हते. त्या प्रकरणांत माझी वर्षे गेली. सहीपूर्वीचा एक तास त्या सर्व वर्षांहून मोलाचा ठरला असता. तेव्हापासून महिन्यातील दोन रविवार मी विहारात वाणिज्य शाखेच्या मुलामुलींसाठी राखून ठेवले आहेत.

व्यापारी जातींच्या घरात मूल जेवताना उधारी, वटाव आणि नफातोटा ऐकते. सुट्टीत ते मामाच्या पेढीवर बसते आणि काकांच्या ओळखीने हिशेबतपासनिसाच्या कचेरीत उमेदवारी करते. ह्यास ते घर मार्गदर्शन म्हणत नाही. घरची रीत म्हणते. ही रीत आपल्या पूर्वजांस लाभू दिली गेली नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांस मज्जाव होता, हे वडीलधाऱ्यांकडून तुम्ही ऐकलेच असेल. ज्याच्या आजोबास कसबापासून दूर ठेवले, त्या नातवास कसब वारशाने कोठून मिळणार?

आता भेद उरलेला नाही, असे कोणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल ह्यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींस सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठविले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दलित आडनावाच्या अर्जदारास बोलावणे येण्याचा संभव उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जदाराहून स्पष्टपणे कमी आढळला. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन ह्यांनी दाखवून दिले की, नेमणूक करणारे अधिकारी उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारतात आणि तिच्यावरून त्याची लायकी जोखतात.

‘वडील काय करतात?’ ह्या एका प्रश्नापुढे आपली मुले मान खाली घालतात. मी त्यांच्याकडून ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणवून घेतो. एका मुलीने ते चार वेळा म्हटले: ‘माझे वडील सफाई कामगार आहेत. आमच्या घरातील पहिली पदवीधर मी आहे.’ पहिल्या तीन वेळा तिची नजर जमिनीवर होती. चौथ्या वेळी ती माझ्या डोळ्यांत पाहून बोलली. एवढ्याने नोकरी मिळतेच असे नाही. परंतु बापाच्या कष्टांची लाज बाळगून मिळविलेली नोकरी आपणांस नको आहे.

बाबासाहेबांचे चरित्र ह्या दृष्टीने पाहा. १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले, आणि पुढे शिक्षण अडले तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. बागेत वाचीत बसणाऱ्या एका मुलाची विचारपूस करण्यास गुरुजींस कितीसा वेळ लागला असेल? त्याच बाबासाहेबांनी परदेशांतून परतल्यावर रोख्यांच्या व्यापाऱ्यांस सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, तेव्हा सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. समाजाने त्यांचा सल्ला नाकारला. त्यांनी मात्र १९५३ मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय उभे करविले. आपल्या मुलांनी व्यापारउदीम शिकावा, ही त्यांची इच्छा होती, हे ह्याहून अधिक स्पष्ट कसे व्हावे?

काही नवदीक्षित कुटुंबांस वाटते की, धम्म म्हणजे केवळ वंदना आणि त्याग. पैशाअडक्याचा विचार त्यात नाही. हा गैरसमज आहे. अंगुत्तर निकायातील व्यग्घपज्ज सुत्तात भगवंतांनी एका कोलीय गृहस्थास ह्याच जन्मी हिताच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: उद्योगात दक्षता, कष्टाने मिळविलेल्या धनाचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि मिळकतीच्या बेताने जगणे. उद्योग आणि बचत ह्यांच्या बरोबरीने कल्याणमित्र का सांगितला, ह्याचा विचार करा. मी ज्या कार्यासाठी तुम्हांस हाक देत आहे, त्याचे नाव अडीच हजार वर्षांपूर्वीच ठरलेले आहे.

तुम्ही बँकेत कारकून असाल, जिल्हा परिषदेत लेखापाल असाल, विमा कंपनीतून निवृत्त झालेले असाल. ‘मी काय सांगणार?’ असे म्हणू नका. वाणिज्य पदवीस ५५ टक्के गुण असतील तर सनदी लेखापालाच्या इंटरमीजिएटसाठी थेट नाव नोंदविता येते, आणि २०२३ च्या नव्या योजनेत तिची आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे, हे ठाऊक नसल्यामुळे किती मुले मिळेल त्या पगारावर बसली! एका विद्यार्थ्याचा हात धरा. वर्षभर महिन्यातून दोन तास द्या. त्याचा अर्ज तपासा, नेमणूकपत्र सहीपूर्वी वाचा, मुलाखतीचा सराव घ्या. मोबदला घेऊ नका, नोकरीचे वचन देऊ नका, आणि जे ठाऊक नाही ते जाणणाराकडे त्यास पाठवा. भेटी विहारात, चारचौघांत घ्या, म्हणजे मुलींच्या आईवडिलांसही निःशंक वाटेल.

हे कार्य हक्काच्या लढ्याची जागा घेणार नाही, हेही निक्षून सांगतो. १९५६ मध्ये धम्म स्वीकारलेल्या आपल्या लोकांस केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत झगडावे लागले. खाजगी नोकरीत आजही आरक्षण नाही; ती मागणी सोडावयाची नाही. परंतु मिळालेले हक्क तरी आपण वापरतो काय? २०१२ च्या आदेशान्वये केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रम ह्यांच्या वार्षिक खरेदीपैकी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म आणि लघु उद्योजकांकडून व्हावयाची असते. हे आपल्या किती पदवीधरांनी ऐकले आहे? न वापरलेला हक्क कागदावरच राहतो.

शेवटी आईवडिलांस एक विनंती. मुलाने सरकारी नोकरीच केली पाहिजे, असा हट्ट धरू नका, आणि त्यास कोणा परक्याकडे सल्ला मागण्याचा संकोच वाटू देऊ नका. सल्ला मागणे ही भीक नव्हे. ज्यांनी बाबासाहेबांच्या पुण्याईने शिक्षण घेतले, त्यांच्या वेळेवर तुमच्या मुलाचा हक्क आहे. येत्या रविवारी विहारात जा, शिकलेल्या माणसासमोर उभे राहा आणि तो हक्क मागा. आणि तुम्हीच ते शिकलेले माणूस असाल, तर कोणी मागण्याची वाट पाहू नका.